दिवसाचं पाणी, रातचं पाणी : तळ्याकाठच्या एका मुक्कामाची आखणी

गेल्या मार्गशीर्षात आम्ही आठ जण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या एका तळ्यावर दोन रात्री राहायला म्हणून गेलो आणि एकच रात्र राहून उतरलो. कुणाला काही झालं नाही. तरीही ही आखणी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढावीशी वाटली. आम्ही ज्या जागेवर तंबू लावायचं ठरवून निघालो होतो ती जागा आम्ही का सोडली आणि दुसरी रात्र का सोडली, या दोन निर्णयांत कोकणातल्या मुक्कामाबद्दल मला जे कळलं ते जवळजवळ सगळं आलं आहे.

तळ्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली वाट, मांगर (शेतातलं खोपटं) आणि बाव (विहीर) एका कुटुंबाच्या रोजच्या वापरातली आहे. त्यांनी आम्हाला येऊ दिलं म्हणून ती जागा सगळ्यांसाठी खुली होत नाही.

माणसं आणि महिना

आठ जणांत मी आणि माझा नवरा, आम्ही कुडाळचे. माझी मावसबहीण, ती नर्स आहे, आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा. कॉलेजपासूनचे दोन मित्र, एक मुंबईहून, एक रत्नागिरीहून. आणि सावंतवाडीचं एक जोडपं, ज्यांनी घाटावरचे बरेच किल्ले पायी केले आहेत. म्हणजे चालायची सवय सगळ्यांना होती, पण रात्री जंगलाच्या कडेला पाण्याजवळ झोपायची सवय फक्त चौघांना.

महिना ठरवायला वेळ लागला. दसऱ्याच्या आसपास तळी भरलेली असतात, पण गवत कमरेएवढं आणि शेतात भात उभं. कार्तिकात कापणी चालू असते, तेव्हा वाडीत कुणाला आपल्यासाठी वेळ नसतो आणि तो मागूही नये. फेब्रुवारीनंतर गवत वाळून वणव्याची भीती, आणि या तालुक्यात तर त्याहून मोठी भीती माकडतापाची. हा ताप १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. तो गोचिडीतून होतो, आणि पानगळ सुरू झाली की गोचिडीची बारीक पिल्लं पाचोळ्यात वाढतात, म्हणून जानेवारी ते मे हा काळ वाईट. डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा त्यातल्या त्यात बरा: पाणी आहे, कापणी संपली आहे, पहाटे गारवा आहे, चांदणं वाढतं आहे.

एक अडचण मात्र आमच्या डोक्यातच आली नव्हती. हा जत्रांचा हंगाम. गावच्या जत्रेच्या रात्री अख्खी वाडी देवळाकडे असते, दशावतार पहाटेपर्यंत चालतो, आणि अडीनडीला गाडी काढणारा मुलगाही तिथेच बसलेला असतो. आम्ही पहिल्यांदा धरलेली तारीख नेमकी जत्रेची निघाली. ती बदलली.

जमीन कोणाची

सुरुवातीला मनात तिलारीचं धरण होतं. एवढं मोठं पाणी, चारी बाजूंनी डोंगर. पण तिलारी खोऱ्यातलं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल २०२० साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं आहे, आणि तिथे काठावर आपल्या मनाने रात्र काढण्याचा प्रश्नच येत नाही. मग हे लहान तळं पुढे आलं. लघुपाटबंधाऱ्याचं, मातीच्या बांधाचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला अर्धा तास लागेल एवढं.

घाटावर फिरणाऱ्यांना कोकणातली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. इथे दिसायला जंगल असलेला डोंगर पुष्कळदा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. कुंपण नाही, पाटी नाही, पण मालक आहे, आणि एक नाही, वीस आहेत. या तळ्याचं पात्र सरकारचं. पलीकडचा काठ वनखात्याचा. अलीकडचा उतार खासगी, काजू आणि रायवळ आंब्याचा. त्या उताराचा सातबारा आम्ही काढला तर त्यावर सामाईकात सतरा नावं होती. त्यातले गावात राहणारे एकटे आबा. वय सत्तरीच्या पुढे, आणि त्या मांगरात त्यांची रोजची फेरी.

वनखात्याच्या काठावर रात्रीचा मुक्काम नाही, दिवसा वाटेने जायला हरकत नाही, असं वनपरिक्षेत्र कार्यालयातून कळलं. तिथे आग पेटवणं तर राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हाच आहे. आबांनी त्यांच्या दोन भावबंदांना मुंबईला फोन लावले, "आमच्या कुडाळच्या पोरी येतत" एवढंच सांगितलं, आणि तिकडून होकार आला. सरपंच आणि पोलीसपाटील यांना नावांची यादी दिली. शेवटी आबांनी राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढे विडा आणि नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून शेजारी उभी होते. ही परवानगी कागदावर येत नाही, पण वाडीतल्या प्रत्येकाने नंतर मला पहिल्यांदा तीच विचारली.

चिखल वाचणं

मुक्कामाच्या दहा दिवस आधी मी आणि नवरा जागा बघायला गेलो. मनात पक्की केलेली जागा तळ्याच्या लांबच्या टोकाला होती. तिथे आबांच्या भाऊबंदकीची जमीन जिभेसारखी पाण्यात उतरते. हिरवळीचा सपाट तुकडा, एक वाकडं जांभळीचं झाड, समोर पाणी, त्यामागे सह्याद्रीची भिंत. मुंबईच्या मित्राला मी तिचा फोटो पाठवला होता आणि त्याने परत लिहिलं होतं, "पहाटे चेन उघडली की समोर हे. मला आणखी काही नको." मलाही नको होतं.

आबा बरोबर होते. त्यांनी झाड पाहिलं नाही की डोंगर पाहिला नाही. चपला काढून ते थेट खाली चिखलात उतरले.

पावसाळ्यानंतर तळं ओसरत जातं, तसा काठावर चिखलाचा पट्टा उघडा पडत जातो. त्या पट्ट्याचे तीन थर दिसत होते. सगळ्यात वर वाळून तडे गेलेला, पायाखाली खापरीसारखा वाजणारा. मधे वरून साय धरलेला, बोट दाबलं तर आत मऊ. आणि पाण्यालगत काळा, चकचकीत, ओला. कुठलंही पाऊल उमटतं ते चिखल मऊ असतानाच. म्हणजे जे पाऊल आज वाळक्या थरात आहे ते पाणी तिथवर होतं तेव्हाचं, आणि जे ओल्यात आहे ते काल-परवाचं. तळ्याचा काठ हा एक उलटा लावलेला कॅलेंडर असतो, वरून खाली वाचत यायचं.

पाण्यालगतच्या थरात दुभंगलेल्या खुरांचे रुंद ठसे होते, एकात एक मिसळलेले, काहींत पाणी अजून गढूळ. मला ती वाडीची गुरं वाटली. आबांनी ठशांची दिशा दाखवली. गुरं वाडीकडून येतात आणि वाडीकडेच परततात. हे ठसे जंगलातून येऊन जंगलात गेले होते, आणि गाईच्या खुरापेक्षा चांगले मोठे होते. गवे. दहा-बारा तरी असावेत, आणि ते बरोबर त्या हिरवळीच्या तुकड्यावरून खाली उतरले होते. ती हिरवळ आखूड आणि सपाट का, हे मला तेव्हा उमगलं. ती त्यांची वाट होती.

मग आबा वर चढले आणि वाळक्या थरात एका जागी थांबले. गोल, उथळ खळगा, परातीएवढा. पुढे आणखी एक. आतल्या बाजूला बारीक रेघांची जाळी अजून दिसत होती, आणि पुढच्या कडेला नखांच्या अर्धगोल खुणा. बोलायची गरज नव्हती. २००२च्या सुमाराला कर्नाटकातून हत्ती या तालुक्यात उतरले, तेव्हापासून इथल्या माणसाला हा ठसा शिकवावा लागत नाही.

आबांनी कमरेला खोचलेलं सुंभ काढलं, खळग्याच्या कडेकडेने गोल फिरवलं, जिथे टोक भेटलं तिथे गाठ मारली आणि ते माझ्या हातात दिलं. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची साधारण मिळते. घरी येऊन मी ते सुंभ टेपवर धरलं: १३२ सेंटिमीटर. म्हणजे अडीच मीटरच्या वर. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दोन मीटर दहा आहे. मी त्या चौकटीखाली उभी राहून वर पाहिलं.

"कधीचा?" मी तिथेच विचारलं होतं. आबा म्हणाले, "हयसर पाणी तुळशीच्या लग्नाक होता." म्हणजे तीन आठवडे झाले होते. कापणीच्या दिवसांतला, भातावर आलेला.

परत निघताना त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढची सगळी आखणी उभी राहिली. "बाय, दिवसाचा पाणी तुमचा. रातचा पाणी तेंचा."

जागा हलवली

आबांचा मांगर त्याच उतारावर, पाण्यापासून साधारण सहाशे मीटर वर आहे. शेजारी कापणी झालेले भाताचे दोन चौकोन, एक बाव, आणि खाली वाडीपर्यंत अडीच किलोमीटरची गाडीवाट. मोटरसायकल थेट दारात येते. समोर तळं दिसतं, पण झाडांच्या फटीतून, ताटलीएवढं.

मित्राला सांगणं सोपं नव्हतं. तो वर्षभर नोकरीत अडकलेला असतो, आणि पाण्याला लागून झोपणं ही त्याची हौस नुसती फोटोची नव्हती. लहानपणी तो आजोळी खाडीच्या काठावर झोपायचा. मी त्याला चिखलाचे फोटो पाठवले आणि एक हिशेबही पाठवला, तो हा.

जागा बघायला गेलो त्या दिवशी आम्ही वाडीतल्या चौघांच्या मदतीने एक गोष्ट करून पाहिली होती. दोन बांबू, मधे जाड चादर, त्यात माझ्या नवऱ्याला झोपवलं आणि लांबच्या टोकावरून वाडीच्या पायवाटेने उचलून नेलं. पहिल्या पाचशे मीटरना बावीस मिनिटं लागली. ती वाट पाच किलोमीटरची आहे. म्हणजे खांदे भरून आले नाहीत असं धरलं तरी तीन तास चाळीस मिनिटं, उजेडात. तिथून दवाखान्यात पोचायला गाडीने आणखी पाऊण तास. मांगरापासून वाडी मोटरसायकलवर मधे बसवून पंधरा मिनिटांची.

हा हिशेब कोकणात फुरशासाठी करावा लागतो. वीतभर-हातभर लांबीचा हा साप कातळावर, दगडाखाली, पाचोळ्यात असतो. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर सर्पविषाची लस चालते, पण ती शिरेतून, दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखत द्यायची असते. ती बॅगेत घेऊन फिरायची गोष्ट नाही. बॅगेत न्यायचं ते क्रेप बँडेज आणि हातपाय स्थिर ठेवायला दोन कामट्या. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चालवायचं नाही. जेवढ्या लवकर दवाखाना, तेवढं चांगलं. मावसबहिणीने हे सगळ्यांना मुक्कामाआधी दोनदा समजावलं आणि तालुक्याच्या रुग्णालयात लस आहे ना, हे स्वतः जाऊन विचारून आली. ती नसेल तर पुढे सावंतवाडी, आणि गंभीर असेल तर इथली माणसं गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जातात, हा क्रम कागदावर लिहिला.

विंचवाचंही तसंच. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी फार माणसं, विशेषतः मुलं, दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून ते चित्र बदललं. आता हा दंश वेळेत पोचलं तर बरा होणारा आहे, पण "वेळेत" हा शब्द पुन्हा त्या पायवाटेवर येऊन थांबतो. म्हणून तंबू गडग्यापासून लांब लावायचे, असं ठरलं. जांभ्या दगडाचा रचलेला गडगा आडोशाला बरा वाटतो, वाऱ्याला अडवतो, आणि त्याच्या प्रत्येक फटीत कुणीतरी राहत असतं. आम्ही शेताच्या मधोमध, दोन्ही गडग्यांपासून दहा-दहा पावलं सोडून, तंबू लावले.

मित्राचं उत्तर एका ओळीचं आलं: "सकाळी पाण्यावर किती वाजता जाता येईल?" साडेसात, मी लिहिलं. संध्याकाळी साडेचारला परत वर.

उतरायच्या अटी

या आखणीतला सगळ्यात उपयोगी कागद अर्ध्या पानाचा होता. जंगलात एकदा जीव रमला की कुठलीही बातमी आपल्याला बारीकच वाटते. मी स्वतःला ओळखते. चहा उकळत असेल, मुलं हसत असतील, तर मीच म्हणणार की बघू अजून तासभर. म्हणून अटी घरी, स्वयंपाकघरात बसून लिहिल्या आणि आठही जणांच्या सह्या घेतल्या.

पाच किलोमीटरच्या आत हत्ती असल्याची खात्रीची बातमी आली तर त्याच दिवशी, उजेडात, वाडीत उतरायचं. बातमी अंधार पडल्यावर आली तर मांगरात जायचं, बाहेर पडायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर त्या बाजूला जायचं नाही, परतल्यावर आरोग्य केंद्रात कळवायचं आणि मुक्काम संपवायचा. कुणालाही ताप आला तर तो एकटा नाही, सगळे उतरतील. आणि एक वाक्य मी शेवटी जोडलं: अट लागू झाली की चर्चा खाली जाऊन करायची, वर नाही.

बातमी येणार कशी, हा पुढचा प्रश्न. मांगरापाशी फोन लागत नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, एका वडाखाली रेंज येते, चालत वीस मिनिटं. आधी मी "रोज सहा वाजता वडाखाली" असं लिहिलं होतं. मावसबहिणीच्या मुलाने विचारलं, "मावशी, सूर्य किती वाजता मावळतो?" डिसेंबरात आमच्याकडे सहा-दहाच्या आसपास. म्हणजे फोन करून येणारा माणूस अंधारात सड्यावरून उतरला असता, नेमका फुरशांच्या वेळेला. वेळ साडेचार केली. मुलाचं नाव कागदावर घातलं. शिवाय आबांचा मुलगा दुपारी एकदा मोटरसायकलने येऊन जाईल असं ठरलं.

पाठीवरचं

यात फार सांगण्यासारखं नाही. मांगराशेजारी बाव असल्याने पाण्याचं ओझं वाचलं. आठ माणसांना पिण्या-रांधण्याला दिवसाला चाळीसेक लिटर लागतं, ते पाठीवरून नेणं शक्यच नव्हतं. बावीचं पाणी गाळून, खळखळून उकळून घेतलं. डिसेंबरात इथे पहाटे दंव एवढं पडतं की तंबूवरून ओघळ येतात, म्हणून प्रत्येकाची एक कपड्यांची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. शौचाला पाण्यापासून साठ मीटरच्या बाहेर, वीतभर खड्डा. मात्र जांभ्यात कुदळ बसत नाही, तेव्हा माती कुठे आहे हे आधी शोधून ठेवावं लागतं. आम्ही काजूखालची जागा आबांना विचारून घेतली.

जेवणाचा मात्र खल झाला. रत्नागिरीच्या मित्राला सुकट न्यायची होती. हलकी, टिकाऊ, आणि चव तर काय विचारता. पण तिचा वास रात्रभर राहतो आणि डुकरांना तो लांबून लागतो. केळी आणि फणसाचे गरे यांना हत्तीपायी बंदी. राहिली ती कुळथाची पिठी, आणि तिच्याएवढं डोंगरावरचं दुसरं जेवण मला ठाऊक नाही. आठ जणांना एका वेळी पाव किलो कुळथाचं पीठ, लसणीचा एक गड्डा, कोकमाची चार सोलं, मिरची, मीठ. तेलात लसूण तांबूस झाली की पाणी, पाण्याला आधण आलं की कालवलेलं पीठ, आणि ढवळत राहायचं. दहा मिनिटांत अंगात ऊब. भाताबरोबर एकदा, भाकरीबरोबर एकदा, आणि पहाटे नुसती वाटीतून. मांगरातली तीन दगडांची चूल वापरली. बाहेर शेकोटी नाही. काजूच्या बागेला वाळक्या गवतातून ठिणगी लागली तर ते सतरा जणांचं उत्पन्न असतं.

झालं ते

जाताना आम्ही सड्यावरून लांबची वाट घेतली, नऊ किलोमीटर, चार तास. कातळ तापलेला, गवत सोनेरी, वाऱ्याचा एकच आवाज. तीनच्या सुमाराला मांगरावर पोचलो, तंबू लावले, खाली जाऊन पाय धुतले, साडेचारला वर.

रात्री साडेदहाला खालून आवाज आला. जोरात नाक फुरकारल्यासारखा, मग पाण्यात पाय पडल्याचा, एक, मग पुष्कळ. आम्ही शेतात उभे होतो. चांदण्यात तळ्याचा तो ताटलीएवढा तुकडा पांढरा दिसत होता आणि त्यावरून काळे ठिपके सरकत होते. मुंबईचा मित्र माझ्या शेजारी होता. तो काही बोलला नाही. बराच वेळाने त्याने फक्त विचारलं, "जांभळीपाशी?" मी हो म्हटलं.

सकाळी साडेसातला आम्ही पाण्यावर गेलो. धुकं पाण्यावरून उचललं जात होतं, बंड्या धनेश पक्ष्यांची एक जोडी पलीकडच्या काठावरून ओरडत गेली. मित्र तीन तास बांधावर बसून होता. ते तीन तास त्याला मिळाले याचं मला फार समाधान आहे.

दुपारी पावणेदोनला आबांचा मुलगा आला. गाडी बंद न करताच म्हणाला, "बाबान सांगल्यान, सामान बांधा. पलीकडच्या बागायतीत हत्ती इलो हा." पहाटे केळी मोडली होती, आणि सकाळी लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. अंतर सरळ रेषेत चार किलोमीटर.

चुलीवर भात होता. सावंतवाडीच्या मित्राने, जो आमच्यात सगळ्यात जास्त डोंगर फिरलेला, म्हटलं की मधे एक खोरं आहे, एक ओढा आहे, चार किलोमीटर म्हणजे काही इथे नाही, आणि मांगर भक्कम आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण हत्ती एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट चालतो, आणि केळी संपली की तो पाण्यावरच येतो. शिवाय मातीच्या भिंतीचा मांगर हत्तीपुढे भक्कम नसतो. मी हे काहीच बोलले नाही. मावसबहिणीने खिशातला कागद काढून चुलीशेजारी ठेवला. कागद वाचून तो मित्र उठला आणि तंबूच्या खुंट्या उपटायला लागला. खाली पोचल्यावर त्याने पुन्हा तो विषय काढला आणि तेव्हा आम्ही तासभर बोललो, जसं ठरलं होतं तसं.

चुकलं ते

भात तसाच डब्यात भरला. तरी आवरायला पन्नास मिनिटं लागली. सकाळी उन्हात वाळत घातलेले कपडे, गडग्यावर ठेवलेल्या चपला, बावीवर राहिलेलं भांडं. एक रात्र नीट गेल्यावर आम्ही पसरलो होतो. हीच बातमी पाच वाजता आली असती तर उजेड पुरला नसता.

दुसरी चूक माझी, आणि ती मला जास्त लागली. उतरायचं कधी हे मी इतकं बारकाईने लिहिलं, पण उतरून जायचं कुठे हे लिहिलंच नाही. आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आठ माणसं सव्वाचारला आबांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभी राहिली. आबांच्या बायकोने, काकींनी, आमच्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि चुलीवर मोठं टोप चढवलं. आम्ही नको नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "बसा आधी. जेवण काय, व्हतला." कापणी-मळणीतून नुकती मोकळी झालेली बाई, गुडघे दुखणारे, आणि आठ जणांचं रांधणं. आमच्याजवळ शिधा होता तो दिला, भाकऱ्या थापायला बसलो, भांडी घासली. पण ते त्यांच्यावर न सांगता येऊन पडलं होतं. पाहुण्याला नाही म्हणायची सोय या घरांत नसते, म्हणून ती वेळ येऊ न देणं आपल्याकडे असतं.

परतल्यावर दोन आठवडे आम्ही आठही जण रोज एकमेकांना ताप नाही ना, हे कळवत होतो. माकडतापाची लक्षणं गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत दिसतात. मुलाच्या पोटरीवर एक गोचीड निघाली होती, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. काही झालं नाही.

हत्ती त्या रात्री तळ्यावर आला नाही. तो उलट्या दिशेला, तिलारीकडे गेला. हे आबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मुलगा माझ्याकडेच होता. त्याने विचारलं, "म्हणजे आपण उगाच उतरलो?" मी कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. पाच किलोमीटर हा आकडा कमी करायचा का, असं त्याला विचारलं. त्याने सुंभ मागितलं, दाराच्या चौकटीला लावून पाहिलं, गाठीपासून एकदा, मग पुन्हा एकदा. चौकट संपून सुंभ वर लोंबकळत राहिलं.

आकडा तसाच ठेवला. खाली दोन ओळी वाढवल्या, त्याच्या अक्षरात: "दुपारी जेवायच्या आधी सगळं सामान बॅगेत. उतरलो तर झोपायची जागा आणि जेवण आधी ठरवून, पैसे आधी देऊन." पुढच्या मार्गशीर्षासाठी वाडीतल्या शाळेशेजारची एक खोली मी विचारून ठेवली आहे.